टीव्हीच्या पाठीमागे

बारक्या चाळिशीला टेकला होता. डोक्यावरचे केस मागे सरत सरत मानेशी आले होते, आणि शर्टाचं माप गेल्याच वर्षी पुन्हा वाढलं होतं. तरी घरात, गल्लीत आणि चष्म्याच्या दुकानात तो बारक्याच होता. नाव एकदा चिकटलं की चिकटलं. हा बारक्या राहायचा कुठे, तर टीव्हीच्या मागे. ही थट्टा नाही. थोरल्या भावाचं घर म्हणजे एक हॉल, एक आतली खोली आणि स्वयंपाकघर. हॉलच्या कोपऱ्यात भावाचा टीव्ही, आणि टीव्हीची पाठ नि भिंत यांच्यामध्ये जी बोळकांडी उरली होती तिच्यात बारक्याची कॉट, दोन खुंट्या आणि वायरवर अडकवलेला एक पडदा.

आता टीव्हीमागे अख्खा माणूस मावतो म्हणजे टीव्ही केवढा, हे सांगायला हवं. हल्ली टीव्ही भिंतीला कॅलेंडरासारखे टांगतात. हा त्याच्या आधीचा. कपाटाएवढं धूड, खाली चाकं, आणि पोटात लाल, हिरवी नि निळी अशा तीन जाड नळ्या. त्या नळ्या आतल्या आरशावर चित्र फेकायच्या आणि आरसा ते मागून समोरच्या काचेवर टाकायचा. एका मोठ्या हॉटेलचं सामान विकायला निघालं तेव्हा दादाने तो आणला, चार हमाल लावून, दाराची फळी बिजागरीतून काढून. त्या काळी हाय डेफिनिशन हा शब्द दादाने इतक्या वेळा उच्चारला की वहिनी त्याला सवत म्हणायला लागली. खेळाडूच्या कपाळावरचा घाम मोजता येतो, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि खरंच यायचा मोजता.

पण त्या टीव्हीचे नखरे फार. बरोबर समोर बसलं तरच चित्र. जरा बाजूला सरकलं की फिकं, उभं राहिलं की काळोख. उजेड तर त्याला अजिबात खपायचा नाही. म्हणून खिडकीला जाड पडदे लागले ते कायमचेच, सोफा एका जागी रुतला आणि सोफ्याचा मधला भाग दादाचा ठरला. "या घरात माणसं टीव्हीच्या वेळापत्रकावर जगतात," असं वहिनी म्हणायची, आणि म्हणता म्हणता आवाज कमी करायला रिमोट शोधायची. बारक्याला मात्र चित्राचं काही पडलेलं नव्हतं. त्याच्या वाट्याला टीव्हीची पाठ. जाळीतून येणारी गरम हवा, पंख्याची घरघर आणि सगळ्या जगाचे आवाज. रडणं, हसणं, गोळीबार, बातम्या, सगळं त्याच्या उशापासून हातभर अंतरावर चालायचं आणि त्यातलं काहीही त्याला दिसायचं नाही.

तक्रार करायची सोय नव्हती. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडून आधी गॅरेज आणि मग बसचं चाक धरलं, धाकट्याला शिकवलं, चष्म्याच्या दुकानात काम शिकायला लावलं. हे दादा कधी बोलून दाखवत नसे. नातेवाईक दाखवायचे, आणि भरपूर दाखवायचे. एखाद्याने उपकार बोलून दाखवले तर माणूस भांडू तरी शकतो. न बोलणाऱ्याशी काय भांडणार? बारक्याचं लग्न दोनदा जुळत आलं आणि दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी घर पाहून पाय काढता घेतला. नवरा-नवरी राहणार कुठे, या प्रश्नावर दादा टीव्हीकडे बघायचा आणि बारक्या जमिनीकडे.

या टीव्हीची एक चाकरी मात्र बारक्याकडेच होती. त्या तीन नळ्यांचे तीन रंग चालता चालता एकमेकांपासून सरकायचे. मग माणसाच्या चेहऱ्याभोवती लाल कड दिसायची, अक्षरं दुहेरी दिसायची. ते रंग पुन्हा एकावर एक आणून बसवायचे असत. रिमोटची दोन-तीन बटणं दाबली की काळ्या पडद्यावर चौकटींची जाळी उमटायची, लहान मुलांच्या गणिताच्या वहीसारखी, आणि तिच्यातली एकेक रेघ सरकवत, तिन्ही रंग मिळून पांढरी होईपर्यंत बसवावी लागायची. दुकानात बारक्याचं काम काचेचा मध्य शोधून खूण करायचं, मग ती काच फ्रेमच्या मापाने घासायची. अशा माणसाला रेघ किती हलली ते लगेच कळतं. महिन्यातून एखाद्या रविवारी दादा हाक मारायचा, "बारक्या, जरा रंग बघ रे," आणि दहा-पंधरा मिनिटांत काम व्हायचं.

त्या वर्षी मात्र ही हाक दर आठवड्याला यायला लागली, मग आठवड्यातून दोनदा. रेघा जवळपास जागेवरच असायच्या, पण बारक्या दोन-चार बटणं दाबून उठायचा.

त्याच सुमाराला दुकानाच्या मालकांनी बारक्याला आत बोलावलं. दुसऱ्या गावी ते नवं दुकान काढणार होते. तिथे विश्वासाचा माणूस हवा, म्हणाले, आणि दुकानाच्या वर एक खोली आहे, तीही तुझ्याकडे राहील. बारक्या एका सुट्टीच्या दिवशी कुणाला न सांगता ती खोली बघून आला. खोलीत काहीच नव्हतं. एक मोठी खिडकी होती, रस्त्यावर उघडणारी, आणि दुपारचं ऊन भिंतीपर्यंत आलं होतं. बारक्या त्या उन्हात कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. परत आल्यावर कॉटवर पडला तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण इतकी वर्षं श्वास रोखून धरला होता.

फक्त दादाला सांगायचं होतं. तेवढ्यावर घोडं अडलं होतं. आज सांगू, जेवण झाल्यावर सांगू, सामना संपल्यावर सांगू, असं करत तो रोज पडदा सारून मागे जात होता.

शेवटी एका रविवारी दुपारी त्याने ठरवलं की आज रंग लावता लावताच बोलायचं. वहिनी शेजारी गेली होती. दादा त्याच्या जागेवर बसला होता, बारक्या त्याच्या शेजारी रिमोट घेऊन. पडद्यावर जाळी आली. बारक्याने पाहिली तर ती चोख होती. एक रेघ हललेली नव्हती.

"बरोबर आहे की," तो म्हणाला.

"कसली बरोबर? मधल्या रेघा बघ, वाकल्यात. पोट आल्यासारख्या."

"कुठे?"

"अरे मधोमध. तुला दिसत नाही? एवढा मोठा चष्मेवाला तू."

बारक्याला वाटलं आपण कडेला बसलोय म्हणून असेल. या टीव्हीचा काही नेम नाही. त्याने वाद घातला नाही. तोंडाशी आलेली गोष्ट सांगायची होती, त्यासाठी दादा खूश हवा होता. "तू सांग तसं करतो," तो म्हणाला. मग दादा सांगत गेला, थोडी खाली, अजून खाली, आता शेजारची, नाही, उलटी, आणि बारक्या बटणं दाबत गेला. बऱ्याच वेळाने दादा मागे टेकला. "आता कशी सरळ झाली. तरी त्या ठिकाणी जरा डाग आहे, काच पुसून घे."

बारक्याने जाळी घालवून बातम्या लावल्या आणि घसा खाकरला. तेवढ्यात वहिनी आली. टीव्हीसमोरून जाता जाता थांबली, मान तिरकी केली.

"अगंबाई, या बातम्यावालीचं नाक कुणी मोडलं?"

"काय झालं नाकाला?" दादा म्हणाला.

"तोंड बघा ना, कसं चेपल्यासारखं दिसतंय. काय करून ठेवलं रे बारक्या?"

"काहीही बोलते ही. स्वच्छ दिसतंय."

बारक्या उठून दादाच्या मागे, अगदी त्याच्या डोक्याच्या उंचीवर वाकून उभा राहिला. तिथूनही बातम्या देणारीचं नाक डावीकडे गेलेलं होतं आणि गाल आत ओढले होते. ते दादाला सरळ दिसत होतं. आणि मग बारक्याला आठवलं, दुकानात डोळे तपासायच्या टेबलाच्या खणात अशीच जाळी छापलेला एक कागद होता. रेघा वाकलेल्या दिसतात का, मध्ये डाग दिसतो का, हे दोन प्रश्न बारक्या वयस्कर गिऱ्हाइकांना स्वतः विचारायचा. ज्यांचं उत्तर हो असायचं त्यांना चष्मा विकायचा नसतो. त्यांना त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं असतं, कारण बिघाड डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला असतो.

टीव्हीला काही झालेलं नव्हतं. गेले कित्येक महिने काहीच झालेलं नव्हतं.

अशा वेळी माणसाला आधी काय वाटतं, हे खरं सांगणारे थोडे. बारक्याला दादाची कीव आली, भीती वाटली, हे सगळं नंतर. आधी त्याला राग आला. आताच व्हायचं होतं का हे, असं वाटलं. दादा शहराची बस चालवत होता. हे बाहेर आलं तर दुसऱ्या दिवशी तो बसवरून उतरणार, पुतणी दुसऱ्या गावी शिकत होती, वहिनीचे गुडघे धरलेले, आणि मग हे घर बारक्याला सोडून कुणाच्या गळ्यात पडणार? बाहेर नाही आलं, तर बारक्या खुशाल त्या खिडकीवाल्या खोलीत जाऊ शकत होता. मूग गिळून गप्प बसायचं, एवढंच काम. फक्त बसमध्ये रोज माणसं चढत होती.

दोन दिवसांनी तो दादाच्या बसमध्ये बसला. मागच्या दाराने चढला, गर्दीत मागेच राहिला. थांब्यावर एक म्हातारा हात दाखवून उभा होता, त्याला बस तशीच ओलांडून गेली. कंडक्टरने सवयीने घंटी मारली, बस पुढे जाऊन थांबली, म्हातारा शिव्या देत पळत आला. पुढे चौकात सिग्नल लागला तेव्हा कंडक्टर पुढे जाऊन दादाच्या शेजारी उभा राहिला. सिग्नल सुटल्यावर त्याने दादाच्या खांद्यावर बोट टेकवलं, मग बस निघाली. कुणाच्या लक्षात येणार नाही असं. मागे एक बाई मुलाला खिडकीतून दुकानं दाखवत होती. बारक्या पुढच्या थांब्यावर उतरला आणि पायी दुकानात गेला. त्या दिवशी त्याने दोन काचा चुकीच्या घासल्या.

दुसऱ्या दिवशी दादाची पाळी दुपारी संपली. बारक्याही लवकर आला. खणातला कागद त्याने खिशात घालून आणला होता. पडदे ओढलेले, हॉलमध्ये नेहमीचा अंधार, टीव्ही चालू. बारक्याने दिवा लावला आणि कागद घडी उलगडून दादासमोर धरला.

"एक डोळा झाक दादा. मधल्या ठिपक्याकडे बघ."

दादाने कागदाकडे पाहिलं नाही. टीव्हीकडेच बघत राहिला.

"तो कागद आत ठेव."

"दादा, टीव्ही बिघडलेला नाही."

"माहीत आहे मला."

बारक्याने कागद खाली घेतला.

"कधीपासून?"

"काय करायचंय कधीपासून." दादाने रिमोटने आवाज बंद केला. "सुरुवातीला टीव्हीच वाटला, शप्पथ. मग रस्ताही तसाच दिसायला लागला. रस्त्याचे रंग कोण लावणार?"

"आणि डेपोत डोळे तपासतात, ते?"

"तुमच्या दुकानात भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता आहे ना. डेपोच्या डॉक्टरकडेही तोच. तुझी वाट बघत बाकावर बसायचो, तेव्हा पाठ केला. जवळ जाऊन." दादा थोडं हसला. "शाळेत असं पाठांतर केलं असतं तर साहेब झालो असतो."

बारक्याला आठवलं. दादा हल्ली घरी जाता जाता दुकानात डोकवायचा, एकत्र जाऊ म्हणायचा. बारक्याला त्याचं कोण कौतुक वाटलं होतं. मालकांनाही त्याने सांगितलं होतं, भाऊ न्यायला येतो म्हणून.

"मी जाणार होतो दादा. नव्या दुकानात. तुला सांगणार होतो."

"तेही माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगेल? मालकांना मीच म्हटलं, याला पाठवा. ते दुसऱ्या कुणाला पाठवणार होते." दादाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तू घरात असलास की बघतोस. तुझं कामच ते. एक ना एक दिवस हा कागद येणार होता. म्हटलं, त्याआधी तू गेलेला बरा. तुझं भलं, माझंही भलं. पोरीचं शिक्षण होईपर्यंतच. मग मीच उतरणार होतो."

बारक्या सोफ्याच्या हातावर बसला. इतकी वर्षं ज्या दाराकडे तो बघत होता ते कुणीतरी आपणहून उघडून दिलं होतं, आणि कशासाठी, तर त्याने पाठ फिरवावी म्हणून. तो गेला असता तर रोज त्या उन्हात बसून बस कुठे असेल याचाच विचार करत बसला असता. वाईट याचं वाटलं की दादा त्याला असं ओळखत होता. मालकांनी विचारल्यावर बारक्या दादाशी आधी बोलणार नाही, आत काहीतरी खुपलं तरी कानाडोळा करील, याची दादाला खात्री होती. आणि खात्री काही खोटी नव्हती. गेले तीन दिवस तो तेच करत होता.

"उद्या डेपोत मी येतो तुझ्याबरोबर," बारक्या म्हणाला. "तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"माझ्यावर चढतोस?"

"हो."

दादा उठला. एकदम उठल्यामुळे टीव्ही त्याच्यासाठी काळा झाला असणार. तो तसाच बारक्यासमोर उभा राहिला. बारक्याला वाटलं आता थोबाडीत बसणार. लहानपणानंतर बसली नव्हती. बसली असती तर बरं वाटलं असतं, निदान हिशेब मिटल्यासारखं. पण दादाने हात उचललाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी येऊन उभी होती, कधीची कोण जाणे. तिने काही विचारलं नाही, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

"या रेघा," दादा पडद्याकडे हात करून म्हणाला, "हिला सरळ दिसतील तशा लाव आता. मला विचारू नकोस."

बारक्याने रिमोट घेऊन जाळी आणली. वहिनी दादाच्या जागेवर येऊन बसली, टीव्ही घरात आल्यापासून बहुधा पहिल्यांदा, आणि बारक्या विचारायचा तसं हो-नाही सांगत राहिली. दादा आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला होता.

डेपोत दादानेच सांगितलं. बारक्या बाहेर बाकावर बसला होता, बोलायची वेळ आली नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाने टिकेल, म्हणाले; आधी आला असता तर जास्त टिकलं असतं, हेही म्हणाले. दादाला डेपोच्या फाटकावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची घंटी वाजवायची, बसून राहायचं. पगार निम्म्यावर आला, तेव्हा बारक्याने मालकांना आपण येत नाही म्हणून सांगितलं. नव्या दुकानावर मालकांनी बारक्याच्या हाताखालच्या कारागिराला पाठवलं. जाताना तो बारक्याच्या पाया पडला.

एका संध्याकाळी दोघे भाऊ हॉलमध्ये होते. टीव्ही चालू होता. दादा आता चेहऱ्यांच्या जरा बाजूला नजर ठेवून बघायचा, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. बारक्या पडदा सारून मागे निघाला होता.

"ती खोली कशी होती रे?" दादाने विचारलं.

"चांगली होती. मोठी खिडकी होती."

"तू गेला असतास तर बरं झालं असतं."

"हो," बारक्या म्हणाला.

त्याने ते दादाला दुखवायला म्हटलं नव्हतं, आणि मन राखायला खोटं बोलणंही त्याला जमलं नाही. दादाने मान डोलावली. मग बारक्याने पडदा सारला आणि कॉटवर जाऊन पडला.